रेकॉर्डला हात लावणारे

आमच्या पिढीला रेकॉर्ड प्लेअरचं जे काही शिक्षण मिळालं ते तीन शब्दांत आटोपलं होतं : हात लावू नकोस. रेकॉर्ड पाकिटातून काढायची ती वडिलांनी, दोन तळव्यांमध्ये कडेला धरून. पुसायची त्यांनी, मखमलीच्या तुकड्याने, एकाच दिशेने. सुई टेकवायची तीही त्यांनीच, आणि तेवढ्यात कोणी खोलीत धपधप चालत आलं तर त्याची रवानगी बाजू संपेपर्यंत गॅलरीत. आमच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता. त्याचं झाकण म्हणजेच स्पीकर. ते झाकण काढून समोरच्या स्टुलावर ठेवण्याचा मान मला मुंजीनंतर मिळाला. बहिणीला तोही मिळाला नाही.

तिच्याच मुलीबरोबर मी भागीदारीत टर्नटेबल घेईन, असं आमच्या कुठल्याही पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. भाची आठवडाभर कंपनीत संगणकापुढे बसते आणि शनिवारी रात्री डीजे असते. तिच्या भाड्याच्या खोलीत जागा नाही, आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. माझ्याकडे वडिलांच्या रेकॉर्डी आहेत, त्या वाजवायला यंत्र नाही. "मामा, एकच घेऊ, दोघांनाही चालेल असं," ती म्हणाली. वाक्य फार साधं होतं. पण मला जे हवं होतं त्यात कोणी हात न लावता गाणं पूर्ण व्हायला हवं होतं, आणि तिला जे हवं होतं त्यात हात लावल्याशिवाय काही घडतच नव्हतं.

हे हात लावण्याचं शास्त्र तिने मला सांगितलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, साधारण १९७५ च्या सुमाराला, थिओडोर नावाचा एक शाळकरी पोरगा आपल्या खोलीत मोठ्याने रेकॉर्ड वाजवत बसला होता. आई दारात आली आणि आवाजावरून त्याला फैलावर घेऊ लागली. ती काय म्हणते ते ऐकण्यासाठी त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली. आई बोलत होती, हात नकळत पुढेमागे होत होता, आणि सुईतून खर्र-खर्र असा जो आवाज निघाला तो त्याला गाण्यापेक्षा जास्त आवडला. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर झाला आणि त्या खर्र-खर्रला स्क्रॅच म्हणू लागले. म्हणजे एका अख्ख्या कलेच्या मुळाशी आईचं रागावणं आहे. आमच्या आया ओरडण्यात कुठे कमी नव्हत्या. आम्ही लगेच आवाज कमी करत होतो, तिथे घात झाला.

दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आम्हा दोघांकडे पाहून चटकन वाटणी केली. "काका, तुम्हाला घरी ऐकायला बेल्ट ड्राइव्ह. मॅडमना डायरेक्ट ड्राइव्ह." जातव्यवस्था इतक्या झटपट समजावून सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

फरक समजायला सोपा आहे. बेल्टवाल्या यंत्रात मोटर एका कोपऱ्यात असते आणि शिवणयंत्राला असतो तसा एक रबरी पट्टा तिची गती थाळीपर्यंत पोचवतो. मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते, सुईपर्यंत पोचत नाही, म्हणून घरगुती श्रोत्यांचा त्याच्यावर जीव. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं सोंडेक एलपी१२ याच जातीचं, १९७० च्या दशकातलं, आणि ते आजही बनतं. त्याच्यावरून भांडणारे लोक आपल्या घराण्यावरून भांडणाऱ्या गवयांइतकेच कडवे असतात. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टाच नाही, मोटरचा आस तोच थाळीचा आस. बटण दाबलं की थाळी पाऊण सेकंदाच्या आत पूर्ण वेगात येते. हाताने रेकॉर्ड अडवली, सोडली, मागे ओढली, तरी खालची थाळी आपला वेग सोडत नाही. मध्ये नमद्याची एक निसरडी चकती घालतात, तिच्यावर रेकॉर्ड घसरते. असले खेळ बेल्टवर केले तर पट्टा घसरतो, ताणतो आणि काही महिन्यांत राम म्हणतो.

इथवर त्या मुलाचं बरोबर होतं. पण घरी येऊन मी जरा इतिहास चाळला, तर वाटणी उलटीपालटी व्हायला लागली. जपानच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता नावाचे एक इंजिनियर होते. पट्टा आणि चाकं मधून काढून टाकायची कल्पना त्यांनी तडीस नेली आणि १९७० साली टेक्निक्स या नावाने एसपी-१० बाजारात आलं. पाठोपाठ १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं. आज जगभर डीजेचं यंत्र म्हणून ज्याचं चित्र काढतात ते हेच. आणि ते काढलं होतं कुणासाठी? घरी खुर्चीत बसून शांतपणे गाणी ऐकणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी! क्लबवाल्यांनी ते नंतर पळवलं. चटकन सुरू होतं, नाचणाऱ्यांच्या धक्क्यांनी बिचकत नाही, वजनाने धोंडा आहे, एवढं त्यांना पुरलं. मग कंपनीने क्लबांकडे नीट पाहिलं आणि १९७९ च्या एमके२ मध्ये वेग बदलायच्या गोल बटणाऐवजी सरकपट्टी दिली. अधिक-उणे आठ टक्के. ती सरकपट्टी पुढे तीस वर्षं जवळपास जागची हलली नाही.

ब्राँक्समध्ये तोवर बरंच काही घडून गेलं होतं. ११ ऑगस्ट १९७३ ला, सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत तळमजल्याच्या हॉलमध्ये क्लाइव्ह कॅम्पबेल या जमैकाहून आलेल्या मुलाने बहिणीसाठी पार्टी ठेवली. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना पाव डॉलर, मुलांना अर्धा. हा कॅम्पबेल म्हणजे डीजे कूल हर्क. लोक सगळ्यात जास्त कधी नाचतात यावर त्याची नजर होती, आणि ते गाणारा थांबून नुसता ताल उरतो त्या काही सेकंदांत, हे त्याने हेरलं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन टर्नटेबलांवर लावून तेवढाच तुकडा एकदा इकडून, एकदा तिकडून असा लांबवण्याचं तंत्र त्याने बसवलं. मला हे ऐकून फार आपलंसं वाटलं. मैफलीत गवई समेवर आल्यावर तबलजीला दोन आवर्तनं मोकळी सोडतो आणि श्रोते तेव्हाच नीट सावरून बसतात, हे आपण पाहतोच. हर्कने गवयाला परत गाऊच दिलं नाही इतकंच.

तर डीजेचं म्हणून जे यंत्र दाखवतात ते मुळात माझंच निघालं. हे भाचीला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आता पैशाचाही मोठा वाटा तुझा."

खरी मजा पुढे आहे, त्या सरकपट्टीत. तिला ती दोन गाण्यांचा वेग जुळवायला लागते. एक गाणं संपता संपता दुसरं त्याच ठेक्यात आत घ्यायचं म्हणजे एकाला थोडं ओढावं लागतं, एकाला थोडं रोखावं लागतं. मला वाटलं होतं, आपल्याला याचा काय उपयोग? दीनानाथांना तीन टक्के जोरात कोण पळवणार? पण रेकॉर्डचा वेग वाढला की पट्टीही चढते. आठ टक्क्यांत काळी एकची पांढरी दोन होते आणि वर थोडं उरतं. मी पेटीवर चार सुरांपुरता हात चालवतो, आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो की आयुष्यभर एकच रड होती : रेकॉर्डचा षड्ज दोन सुरांच्या फटीत. पेटी तर हलत नाही. आता रेकॉर्ड हलते. सरकपट्टी केसभर पुढे, षड्ज पेटीवर येऊन बसतो. रियाज करणाऱ्या कोणालाही हे यंत्र डीजेपेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं मत झालं आहे आणि ते मी भाचीपाशी बोलून दाखवलेलं नाही.

जुन्या ७८ च्या रेकॉर्डींचं तर विचारूच नका. त्यांना सरसकट ७८ म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात मुद्रण करणारे साहेब मिनिटाला ७० फेऱ्यांपासून ८० च्या वर कुठेही मेण फिरवत असत. गोहरजानने कलकत्त्यात पहिल्यांदा मुद्रण केलं ते १९०२ मध्ये. त्या काळच्या रेकॉर्डी ठरल्या वेगावर लावल्या की गाणारी बाई खरी कुठल्या पट्टीत गायली याचा भरवसा नाही. अशा वेळी सरकपट्टी पुढेमागे करत, आवाज माणसाचा वाटेपर्यंत शोधावं लागतं. मात्र एक पाहून घ्या. ७८ चा वेग सगळ्या डीजे यंत्रांवर नसतो. जुन्या एमके२ वर नाही. पायोनियरचं पीएलएक्स-१००० दणकट आहे, त्याच्यावरही नाही. २०१९ साली आलेल्या टेक्निक्सच्या एमके७ वर आहे, तेही ३३ आणि ४५ ची बटणं एकदम दाबली तर. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० एक्स मध्येही आहे, शिवाय फोनो प्रीॲम्प आतच बसवलेला. तो बाहेरून घ्यावा लागला तर वेगळा खर्च, कारण सुईतून येणारा विजेचा संकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो आणि ॲम्प्लिफायरला फोनोचं भोक नसेल तर कानाला नुसती कुजबुज येते. ज्यांच्या घरी आजोबांच्या नाट्यगीतांचा गठ्ठा आहे त्यांनी दुकानात सगळ्यात आधी ७८ चं विचारावं, मग बाकीचे दिवे आणि रंग.

वेगावरून आठवलं. न्यू जर्सीच्या आमच्या चुलतभावाने एकदा तिकडून एक सुरेख बेल्टवालं टर्नटेबल आणलं, लाकडी चौकटीचं. ११० व्होल्टचं म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मरही आणला. लावलं, आणि बाई एकदम बुवा झाल्या. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, वीज सेकंदाला किती हेलकावे खाते ते बदलत नाही. तिकडे साठ, इकडे पन्नास. हेलकाव्यांच्या तालावर फिरणारी जुन्या धाटणीची मोटर मग सहाऐवजी पाच पावलंच टाकते. काळी चारमधली गायिका पांढरी चारवर उतरते. आजकालची ॲडाप्टरवर चालणारी बरीच यंत्रं असं करत नाहीत, पण परदेशातून प्रेमाने येणाऱ्या जुन्या यंत्रांची मोटर कोणती हे विमानात बसण्याआधी विचारलेलं बरं. त्या भावाने मग त्यावर फक्त कुमार गंधर्वांचे उतरे सूर ऐकत बसायचा सल्ला दिला. नात्यात आहे, सोडून दिलं.

सुईच्या बाबतीत मात्र भाची आणि मी समोरासमोर आलो. तिची सुई टोकाला गोल, बोथट म्हणा, आणि तिच्यावर वजन तीन ग्रॅम किंवा जास्त, नाहीतर रेकॉर्ड मागे ओढली की सुई खाचेबाहेर उडी मारते. माझी सुई अंडाकृती टोकाची, दोन ग्रॅमच्या आत-बाहेर चालणारी, खाचेच्या भिंतीवरचे बारीक तपशील टिपणारी. तिची सुई माझ्या वसंतरावांवर फिरवू देणं मला शक्य नव्हतं, आणि माझ्या सुईने ती एक स्क्रॅच करती तर सुई गेली असती. (चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड असे आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची, हे आठवलं की आपण दोन आणि तीन ग्रॅमवरून कसले भांडतो, असंही वाटतं.) ७८ ला तर तिसरीच सुई हवी. तिचं टोक एलपीच्या सुईच्या चौपट रुंद असतं. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकली तर ती तळाशी लोळते आणि लाखेचा चुरा गोळा करत बसते.

यावरचा तोडगा टर्नटेबलाच्या दांडीच्या टोकाशी असतो. दांडीच्या पुढचं डोकं, ज्याला हेडशेल म्हणतात, ते फिरकीने निघत असेल तर प्रत्येक सुईसाठी वेगळं हेडशेल ठेवता येतं. अर्ध्या मिनिटात डोकं बदलतं. मागच्या वजनाची चकती मात्र प्रत्येक वेळी नव्याने जुळवावी लागते आणि लोक तेच विसरतात. घरगुती बेल्टवाल्या कितीतरी नामांकित यंत्रांत हे डोकं दांडीतच पक्कं असतं. त्यांच्या मते त्यामुळे आवाज सुधारतो. सुधारत असेलही. पण दोन माणसांच्या घरात ते सोसत नाही. तसंच स्क्रॅचवाल्यांसाठी सरळ दांडीची यंत्रं मिळतात, त्यांच्यात सुई जागा सोडत नाही, पण खाचेशी तिचा कोन चुकतो आणि घरी ऐकताना ते जाणवतं. एस आकाराची वाकडी दांडी दोघांना चालते. भाचीने इथे माघार घेतली, हे मी नोंदवून ठेवतो.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती की आमच्याकडे डीजे येणार. सेक्रेटरींनी मला जिन्यातच गाठलं. गणपतीत रस्त्यावरून स्पीकरच्या भिंती जातात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याला आपण डीजे म्हणतो; त्यांच्या डोळ्यांपुढे तीच भिंत आमच्या बाहेरच्या खोलीत उभी होती. त्यांना म्हटलं, आमचा डीजे म्हणजे माझी भाची, आणि ती हेडफोन लावून सराव करते. बाहेर फक्त सुईची खुसखुस ऐकू येते. त्यांचा विश्वास बसला नाही. ते वर येऊन पाहून गेले, चहा घेतला, आणि जाता जाता आशा भोसल्यांची एखादी रेकॉर्ड आहे का म्हणून विचारलं.

उलट धोका आहे तो बाहेरच्या भिंतींपासून. मिरवणुकीतला बास रस्त्यावरून जमिनीत, जमिनीतून टेबलात आणि टेबलातून सुईत चढतो. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवले तरी तेच होतं. आवाज वाढवला की घुमायला लागतं आणि घुमतच राहतं. टर्नटेबल भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवावं, स्पीकर खाली. मागे एक बारीक अर्थिंगची तार असते, ती ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला आवळावी, नाहीतर सगळ्या रागांखाली एक अखंड गुणगुण चालू राहते. आपल्या घरांत तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन पुष्कळदा शोभेची असते, तेवढं एकदा वायरमनकडून पाहून घ्यावं. बाकी ओलसर हवा, पाकिटांना येणारी बुरशी, ही दुःखं टर्नटेबल कुठलंही घेतलं तरी वाट्याला येतातच.

शेवटी घेतलं ते डायरेक्ट ड्राइव्ह, वाकड्या दांडीचं, डोकं निघणारं, ७८ सकट. टेक्निक्सवाल्यांनी २०१० साली एसएल-१२०० बनवणं थांबवलं होतं. २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिल्या नव्या अवताराची किंमत अमेरिकेत चार हजार डॉलर होती, आणि ज्यांच्या पिढीने ते नावारूपाला आणलं त्या डीजेंना ती परवडेना. आमचं तितक्यातलं नाही. तरी आकडा ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात फ्रिज आला असता." आला असता. आमचा फ्रिज चांगला चालतो, हे तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

भाचीची पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा मी आदराने खुर्ची ओढून बसलो. त्यात गाणंच नव्हतं. एक किलोहर्ट्झची सरळ शिट्टी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणी लॅपटॉपमध्ये असतात. रेकॉर्डवरची शिट्टी फक्त संगणकाला सांगते की हात आत्ता कुठे आहे, पुढे की मागे, हळू की जोरात. म्हणजे हिला रेकॉर्डमधलं गाणं नको आहे, रेकॉर्डला लावलेला हात तेवढा हवा आहे. वडिलांनी हे ऐकलं असतं तर तिचीही गॅलरीत रवानगी केली असती. मी नाही केली. शिट्टीवर तिचा हात फिरतो ते पाहायला मला आवडतं, आणि शिट्टीच्या रेकॉर्डला चरे पडले तरी कोणाचं काही जात नाही.

ज्यांना दोन्हीसाठी एकच टर्नटेबल घ्यायचं आहे त्यांना माझं सांगणं इतकंच : लाल प्लॅस्टिकच्या सुईची, पेटीत बसणारी, स्वस्त आणि गोड दिसणारी यंत्रं घेऊ नका. ती पाच-सहा ग्रॅम वजनाने रेकॉर्ड खरवडतात आणि ना तुमच्या कामाची ना भाचीच्या. मोटर थाळीखाली असलेलं घ्या, हेडशेलं तीन घ्या आणि कुठली कुणाची ते डब्यांवर लिहून ठेवा. दुकानदार काका म्हणून बेल्टकडे वळवू लागला तर ऐकू नका. डीजेला कामासाठी खरं तर दोन टर्नटेबलं लागतात, हे भाचीने मला खरेदीनंतर सांगितलं. दुसरं तिने तिच्या पगारातून घ्यावं.